उजव्या नळीतला उजेड

१

रविवारी नाश्त्याची भांडी विसळून झाली, की कस्तुरी हॉलमधलं टीपॉय खिडकीखाली ओढायची, त्यावर जुनी सतरंजी दुहेरी घालायची आणि किल्ली घेऊन आतल्या खोलीत जायची. योगीराज तोवर भिंतीला हात लावत लावत येऊन आपल्या वेताच्या खुर्चीत बसलेले असत. कपाट उघडल्याचा आवाज आला की तिथूनच म्हणत, "आधी चारशेदहा काढ. अठ्ठावीस शेवटाला."

बंदुका आता दोनच उरल्या होत्या, एक चारशेदहा बोअरची, एक अठ्ठावीस बोअरची. दोन्ही दुनळी, दोन्ही लहान बोअरच्या, म्हणजे बारीक नळीच्या, दोन्ही शंभरी ओलांडलेल्या. घड्याळाच्या कारखान्यात टूलरूम सांभाळता सांभाळता या माणसानं आयुष्यात हौस केली ती एवढीच. कोडगूतल्या कॉफीच्या मळ्यांतून, कंटोन्मेंटातल्या बंद पडत चाललेल्या बंगल्यांतून गंजलेल्या, दस्ता फुटलेल्या बंदुका शोधून आणायच्या, परवान्याचे सोपस्कार करायचे आणि महिनोन्‌महिने बसून त्या जिवंत करायच्या. बारा बोअरच्या मोठ्या बंदुकीकडे ते ढुंकूनही बघत नसत. "मूठभर लावा पक्षी, त्याला ती तोफ कशाला?" म्हणायचे. अठ्ठावीसच्या नळीत कस्तुरीची करंगळी जेमतेम जाई, चारशेदहाच्या तर तेवढीही नाही. पुढं कायद्यानं माणशी दोनच ठेवता येतील असं झालं, तेव्हा बाकीच्या त्यांनी एकेक करून जाणत्या माणसांच्या हवाली केल्या. ही अठ्ठावीस मात्र कुणाला दिली नाही. ती त्यांच्या मामांची. पोरवयात निपाणीकडच्या माळांवर लाव्यांमागं ते फिरले ते हीच खांद्यावर टाकून. कायद्यानं शिकार बंद झाली तेव्हा ते नुकते विशीपलीकडे गेलेले. त्यानंतर पक्ष्यावर त्यांनी बंदूक उचलली नाही. कस्तुरीशी लग्न झालं ते पुढं काही वर्षांनी. तिनं त्यांना शिकारी म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. तिला मिळाला तो रविवारची सकाळ तेलाच्या वासात घालवणारा, फारसा न बोलणारा नवरा.

मग काचबिंदूनं त्यांचे डोळे नेले आणि सतरंजीपुढं कस्तुरी बसू लागली.

तिच्या हातावर हात ठेवून त्यांनीच तिला शिकवलं. नळ्या लाकडापासून सोडवायच्या. गजाला चिंधी गुंडाळून ती नळीतून ओढायची, मग तेलाची, मग परत कोरडी. सगळ्यात शेवटी नळ्यांचं तोंड खिडकीकडे करून, एक डोळा मिटून, आतून बघायचं.

"काय दिसतंय?"

"साफ आहे."

"वर्तुळं?"

"आहेत. एकात एक."

हे तिला मनापासून आवडायचं. चांगल्या नळीत उजेड कड्याकड्यांनी आत येतो, आणि त्या कड्यांच्या पार टोकाला खिडकीचा रुपयाएवढा तुकडा दिसतो. तिला एकच डोळा मिटायला कधी जमलं नव्हतं. डोळ्याबरोबर तोंडाची ती बाजूही वर ओढली जायची. बरं होतं, बघणारं कुणी नव्हतं.

त्या रविवारी बाहेर आभाळ भरलेलं होतं. सकाळपासून बेंगळूरच्या बसवनगुडीवर राखाडी उजेड होता, हॉलमध्ये दिवा लावावा लागला होता. कस्तुरीनं अठ्ठावीसच्या डाव्या नळीतून बघितलं, राखाडी उजेड. उजवीतून बघितलं.

उजवीत ऊन होतं. चांगलं पिवळं, दुपारचं ऊन.

२

तिनं नळ्या खाली घेतल्या. खिडकीबाहेर बघितलं. समोर कल्याण मंटपाची बिनखिडकीची उंच भिंत आणि तिच्यावर ढगाळ आभाळाची पट्टी. लग्नसराई नव्हती, मंटप बंदच होता.

"काय झालं?" योगीराजांनी विचारलं.

"काही नाही. चिंधीचा दोरा राहिलाय वाटतं."

तिनं परत चिंधी ओढली. परत बघितलं. डाव्या नळीत खिडकीच्या गजांची फुली स्पष्ट दिसत होती. उजव्या नळीत फुली नव्हती. नुसतं ऊन.

"साफ आहे," ती म्हणाली. त्यांच्याशी ती सहसा खोटं बोलत नसे. डोळे गेलेल्या माणसाशी तर नाहीच.

कस्तुरीनं जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं होतं. प्रकाश सरळ रेषेत जातो हे तिनं फळ्यावर इतक्यांदा काढलं होतं की आता खडूशिवायही हात तसा वळला असता. तेव्हा ती घाबरण्याच्या आधी विचार करू लागली. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदूनंतर बसवलेलं भिंग होतं. तेलाचा पातळ थर असेल, तर रंग बदलू शकतो. बुधवारी योगीराज दुपारचे झोपले असताना तिनं गुपचूप बंदूक काढली, नळ्या सोडवल्या आणि दोन्ही डोळ्यांनी आलटून पालटून बघितलं. दोन्ही नळ्यांत गजांची फुली होती. तिला हायसं वाटलं. तरी शुक्रवारी ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, भिंग जागेवर आहे, काळजीचं कारण नाही.

पुढच्या रविवारी उजव्या नळीत गवत होतं.

कमरेइतकं, वाळून पिवळं पडलेलं गवत. वारा लागला की एका बाजूला झुकायचं आणि सावकाश उभं राहायचं. आवाज काहीच नव्हता. हॉलमध्ये घड्याळाची टिकटिक आणि खाली रिक्षावाल्याचं कन्नडातलं भांडण. कस्तुरीनं श्वास धरून ठेवला. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की माळावर पाऊस झालेला नाही अजून. मग तिला आपण काय विचार करतोय ते कळलं आणि तिच्या मानेवर काटा आला.

"वर्तुळं?" मागून प्रश्न आला.

"आहेत," ती म्हणाली. "एकात एक."

३

त्यांची मुलगी सिद्धी इलेक्ट्रॉनिक सिटीत राहायची. महिन्यातून एखादा रविवार यायची, येताना बॅगभर फळं आणि औषधं आणायची, आणि बंदुकांचं टीपॉय मांडलेलं बघून दारातच थबकायची. गवत दिसलं त्या रविवारीही ती थबकली.

"अप्पा, आपलं ठरलंय ना?"

"ठरलंय की," योगीराज म्हणाले. "मी कुठं नाही म्हणालो?"

परवान्याची मुदत संपत आली होती. डोळे नसलेल्या माणसाला तो नव्यानं मिळणार नव्हता, आणि कस्तुरीला या वयात स्वतःच्या नावावर करून घ्यायची इच्छा नव्हती. शिवाजीनगरात रविकिरण नावाचे जुन्या ओळखीचे बंदूकवाले होते. ते दोन्ही बंदुका जमा करून घ्यायला तयार झाले होते. सिद्धीनं पुढच्याच्या पुढचा सोमवार मुक्रर केला होता. ती रजा काढणार, गाडीतून दोघांना घेऊन जाणार.

"घरात त्या आहेत म्हटलं की मला झोप लागत नाही," ती आईला हळूच म्हणाली. "त्यात अप्पांचं हार्ट. डॉक्टर काय म्हणाले माहितीये ना तुला? पायावरची सूज बघ."

"माहीत आहे."

"मग तुम्ही दोघं माझ्याकडं या. लिफ्ट आहे, सगळं आहे."

"स्वल्प दम धर," कस्तुरी म्हणाली. "एक एक करू."

सिद्धी टीपॉयपाशी खाली बसली. लहानपणी अप्पांच्या मांडीवर बसून तिनं या नळ्यांतून किती वेळा बघितलं होतं. आता सहज, जुन्या सवयीनं, तिनं अठ्ठावीसच्या नळ्या उचलल्या आणि डोळ्याला लावल्या. कस्तुरीचा हात पुढं झाला, पण उशिरा.

सिद्धीनं थोडा वेळ बघितलं. मग नळ्या खाली ठेवून फळांची पिशवी उघडू लागली.

"मंटपाच्या गच्चीवर केवढं गवत वाढलंय आई. साफ करत नाहीत वाटतं." आणि सफरचंदं काढता काढता म्हणाली, "एक माणूस उभा आहे तिथं. पाठमोरा. पडेल की तो."

कस्तुरी उठून खिडकीशी गेली. मंटपाला गच्ची नव्हती. उतरतं पत्र्याचं छप्पर होतं, आणि त्यावर कावळासुद्धा नव्हता.

तिनं मागं वळून बघितलं. सिद्धी सफरचंदं धुवायला आत गेली होती. योगीराज खुर्चीत ताठ बसले होते. त्यांचं तोंड तिच्याकडं नव्हतं, खाली टीपॉयकडं होतं, आणि त्यांनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

४

त्यानंतरचा आठवडा कस्तुरीनं भीतीत काढला असं म्हणता येणार नाही. भीती होती. संध्याकाळी आतल्या खोलीत वावरताना ती कपाटाकडे पाठ करत नसे. पण तिच्या जोडीनं आणखी काहीतरी होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तिला रविवारची ओढ लागली होती.

रविवारी तिनं चारशेदहा घाईघाईनं उरकली. अठ्ठावीसच्या नळ्या साफ केल्या आणि उजवी डोळ्याला लावली.

माणूस होता. गवतातून चालत होता, तिच्यापासून दूर नाही आणि जवळही नाही. तरणा, सडपातळ, खाकी अर्धी चड्डी, डोक्याला उन्हासाठी पंचा गुंडाळलेला. कोपरात आडवी धरलेली बंदूक. तो पाठमोराच होता, तरी तिनं त्याला ओळखलं. डावा खांदा किंचित खाली. पाऊल टाकायच्या आधी अर्धा क्षण थांबायचं, जमिनीला विचारल्यासारखं. याच चालीनं तो माणूस बेंगळूरच्या रस्त्यांवर तिच्यापुढं चालला होता, बाजारात, दवाखान्यात, सिद्धीला शाळेत सोडताना. चाल तीच. फक्त तिच्यात अजून वजन नव्हतं, काळजी नव्हती. कस्तुरी त्याला ओळखत होती आणि तो कस्तुरीला ओळखत नव्हता. तिचं नावही त्याच्या कानावर पडलेलं नव्हतं.

तो एका बाभळीपाशी आला. सावलीत थांबला. पंचा सोडून मान पुसली. कस्तुरीला वाटलं, याला कुणीतरी पाणी द्यायला हवं.

"आज फार वेळ लागला," मागून योगीराज म्हणाले.

"एक डाग आहे."

"कुठं?"

"उजव्या नळीत."

खुर्ची करकरली. ते पुढं झुकले असावेत. मग अगदी शांतपणे त्यांनी विचारलं,

"डाग हलतो काय?"

५

तिनं नळ्या सतरंजीवर ठेवल्या आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. तांबडी गार फरशी होती. 

"तुम्हांला माहीत होतं," ती म्हणाली.

"एवढं माहीत नव्हतं. तू रविवारी गप्प व्हायला लागलीस तेव्हा वाटायला लागलं. त्या दिवशी सिद्धी बोलली तेव्हा कळलं." त्यांनी काठी खुर्चीच्या हाताला टेकवली. "काय दिसतंय तुला?"

"माळ. गवत. आणि तुम्ही."

"केवढा आहे मी?"

"असाल एकोणीस-वीस. मिशी धड फुटलेली नाही."

ते हसले. मग हसू थांबलं. "काय करतोय?"

"बाभळीखाली उभे आहात. घाम पुसताय."

"म्हणजे आता बसेल तो," ते म्हणाले. "बंदूक सोडवून साफ करेल. मामांची शिस्त होती, घरी नेईपर्यंत थांबायचं नाही."

मग त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज बस चुकल्याची वगैरे साधी गोष्ट सांगावी तसा होता.

त्या दुपारी ते एकटेच होते. नळ्यांमधून चिंधी ओढली आणि आभाळाकडे तोंड करून आतून बघितलं, तर आभाळ नव्हतं. एक खोली होती. तांबड्या फरशीची. खिडकीत एक म्हातारी बाई बसलेली. तिनंही नळी डोळ्याला लावलेली, दुसरा डोळा मिटलेला, आणि मिटताना तोंडाची एक बाजू वर ओढलेली. ती त्यांच्याकडेच बघत होती. "घाबरलो की नाही विचारू नकोस. नळ्या टाकून पळालो असतो, पण मामांची बंदूक होती."

"नंतर?"

"नंतर कधीच काही दिसलं नाही. रोज बघायचो. मग सोडून दिलं, ऊन लागलं असेल म्हटलं. पुढं तुमच्या घरी निपाणीला तुला बघायला आलो. तुला पश्चिमेच्या खिडकीपाशी बसवलेलं. तुझ्या डोळ्यावर ऊन आलं आणि तू एक डोळा मिटलास." त्यांनी स्वतःचं तोंड एका बाजूनं वर ओढून दाखवलं. आंधळ्या चेहऱ्यावर ती नक्कल विचित्र दिसली. "चहा यायच्या आधी मी होकार दिला होता."

हे खरं होतं. पाच-सहा मुली नाकारलेला मुलगा चहाचा कप हातात न घेताच हो म्हणाला, याचं तिच्या घरी कितीतरी वर्षं कौतुक झालं होतं. तिनं ते आपल्या रूपाच्या खात्यावर जमा केलं होतं. तिनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

"आणखी काय दिसलं होतं?" तिनं विचारलं. तिला कळलं होतं की आणखी काहीतरी आहे.

हात थांबला.

"राहू दे."

"सांगा."

"तुझ्या मागं वेताची खुर्ची होती," ते म्हणाले. "तिला काठी टेकवून ठेवलेली होती. खुर्चीत कुणी नव्हतं."

कस्तुरीनं मान वळवून खुर्चीच्या हाताला टेकलेल्या काठीकडं बघितलं.

"खुर्चीकडं तेव्हा माझं लक्ष नव्हतं. पण पुढं एकदा शिवाजीनगरच्या जुन्या बाजारात दुकानदारानं हीच खुर्ची पुढं केली आणि माझे हातपाय गार पडले. न घेता परत आलो. आठवतं? दुसऱ्या दिवशी तूच जाऊन घेऊन आलीस. म्हणालीस, 'तुमच्या पाठीला बरी आहे.'"

६

शेवटचा आठवडा राहिला होता. पुढच्या सोमवारी बंदुका जाणार होत्या.

"मी बघणारच नाही," कस्तुरीनं मंगळवारी जेवताना सांगितलं. "कपाटातून काढायचीच नाही. सोमवारी आहे तशी रविकिरणांना देऊन टाकू."

"सरी," योगीराज कन्नडात म्हणाले. "तसं करू."

एवढ्यावर त्यांनी विषय सोडला, आणि त्यामुळेच तो तिच्या डोक्यातून जाईना. त्यांनी आग्रह केला असता तर तिनं वाद घातला असता. वाद घालायला तिच्याकडे मुद्दे होते. त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी नळीतून बघितलं ते घडायलाच हवं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? आणि घडणारच असेल तर बघून काय मिळणार?

पण भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना तिला बाभळीखालचा तो पोरगा आठवायचा. आत्ता बसला असेल. मांडीवर नळ्या घेतल्या असतील. तो वर बघेल तेव्हा त्याला काय दिसेल? रिकामी खिडकी? मग निपाणीच्या घरात डोळ्यावर ऊन आलेल्या मुलीकडं बघून त्याला काय आठवेल? तो चहा घेईल, कप खाली ठेवेल, 'कळवतो' म्हणेल आणि निघून जाईल.

गुरुवारी ती मध्येच कामावरून उठली आणि हॉलमध्ये जाऊन भिंतीवरचा सिद्धीचा शाळेतला फोटो बघून आली. फोटो जागेवर होता. स्वतःच्या या वेडगळपणाचं तिला हसू आलं, आणि मग ते ओसरलं.

शनिवारी दुपारी योगीराज स्वतःहून बोलले. त्यांचे पाय तिनं मांडीवर घेतले होते, सुजेवर तेल लावत होती.

"मला भीती नाही वाटत कस्तुरी. खरंच नाही. डोळे गेले तेव्हा वाटली होती तेवढीसुद्धा नाही. फक्त तो पोरगा वर बघेल आणि तिथं कुणी नसेल, एवढंच बरं वाटत नाही मनाला."

तिनं तेलाची वाटी बाजूला ठेवली. खुर्चीकडे बघितलं. मग बराच वेळ खिडकीखालच्या जागेकडे बघत राहिली.

"एक विचारू? खुर्चीत कुणी नव्हतं, एवढंच ना दिसलं तुम्हांला?"

"एवढंच."

"खुर्ची रिकामी म्हणजे माणूस खुर्चीत नाही. बास. तो दुसरीकडं बसलेला असू शकतो."

"कुठं?"

"माझ्या शेजारी. नळीतून सगळी खोली थोडीच दिसते? जेवढं समोर तेवढंच. तुम्ही स्टुलावर बसा, मला खेटून. तुमचा हात माझ्या हातावर ठेवा. खुर्ची राहील रिकामी, बघू दे त्याला."

योगीराजांनी न दिसणारे डोळे तिच्याकडे वळवले. मग ते हसू लागले, पोटातून, आवाज न करता, तिच्या मांडीवरचे त्यांचे पाय हलेपर्यंत.

"इतकं साधं मला पन्नास वर्षांत सुचलं नाही," ते म्हणाले.

७

रविवारी ऊन पडलं होतं. सिद्धी रात्रीच्या मुक्कामाला म्हणून दुपारपर्यंत येणार होती. कस्तुरीनं टीपॉय ओढलं, सतरंजी घातली. स्वयंपाकघरातलं स्टूल आणून आपल्या उजवीकडे ठेवलं आणि योगीराजांना धरून त्यावर बसवलं. काठी खुर्चीलाच टेकलेली राहिली. ती उचलून दुसरीकडे ठेवावी असं तिच्या मनात आलं, पण तिनं ठेवली नाही.

"आज चारशेदहा नको," ते म्हणाले. "थेट हीच घे."

दोघांनी मिळून नळ्या साफ केल्या. तिनं गज धरला, त्यांनी चिंधी गुंडाळली. त्यांच्या बोटांना अजून सगळं येत होतं. तेलाचा वास पसरला. मग त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. हात उबदार होता, नाडी लागत होती.

"बघ की आता," ते म्हणाले. "ताटकळला असेल तो."

तिनं उजवी नळी डोळ्याला लावली.

बाभळीची सावली. तो मांडी घालून बसला होता, तिच्याकडे तोंड करून, इतका जवळ की कपाळावरचा घाम दिसत होता. बंदुकीचं लाकूड बाजूला गवतात, नळ्या मांडीवर. त्यानं चिंधी काढून खिशात कोंबली. नळ्या उचलल्या, आभाळाकडे धरल्या. तिच्याकडे दोन काळी गोल तोंडं रोखली गेली आणि क्षणभर तिला डोळा काढून घ्यावासा वाटला, कारण कुठल्याही बंदुकीची तोंडं समोरून अशीच दिसतात. मग त्यातल्या एका काळ्या वर्तुळात काहीतरी ओलं चमकलं. डोळा होता.

तो डोळा तिला बघत होता.

कस्तुरीच्या तोंडाची बाजू वर ओढली गेलेली होती, ती तशीच राहिली. हसावं म्हणून तिनं प्रयत्न केला, ते जमलं की नाही तिला कळलं नाही. त्या डोळ्याची पापणी लवली. मग नळ्या सावकाश खाली आल्या आणि त्यांच्यामागून त्याचा सबंध चेहरा वर आला. कोवळा, घाबरलेला, उघड्या तोंडाचा. पुढं निपाणीच्या घरात तो तिच्याकडे याच चेहऱ्यानं बघणार होता.

"बघितलं त्यानं," ती म्हणाली. "घाबरलाय हो तुमचा पोरगा."

मनगटावरचा हात किंचित दाबला गेला.

ती नळी खाली घेणार होती. काम झालं होतं. पण बाभळीच्या मागं गवत हललं, वाऱ्यानं हलतं तसं नाही, मधूनच, एका रेषेत. कुणीतरी त्यातून चालत आलं. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, पांढरे केस. डावा खांदा किंचित खाली. हातात काठी नव्हती. पाय सुजलेले नव्हते. तो तरण्याच्या पाठीमागून गेला, अगदी जवळून, आणि तरण्याला कळलंही नाही. तो अजून तिच्या दिशेनंच बघत बसला होता.

म्हातारा थांबला. त्यानं गवताचं एक कणीस तोडलं आणि डोळ्यांसमोर धरलं. फिरवून फिरवून बघितलं. मग मान वर करून आभाळ बघितलं, माळ बघितला, लांबवरची झाडं बघितली, हावऱ्यासारखं, सगळं, पुन्हा पुन्हा.

कस्तुरीच्या मनगटावरचा हात तिथंच होता. उबदार होता. फक्त जड झाला होता, आणि तिच्या उजव्या खांद्यावर हळूहळू एका डोक्याचा भार आला.

जिन्यावर पावलं वाजली. दार ढकलल्याचा आवाज, पिशवी खाली ठेवल्याचा आवाज.

"आई?" सिद्धी दारातून म्हणाली. मग आवाज कमी करून, "अप्पा झोपले काय गं?"

कस्तुरीनं मान वळवली नाही. "हळू बोल," ती म्हणाली. "स्वल्प थांब."

"काय बघतेस?"

गवतातला म्हातारा पुन्हा चालू लागला होता, पाऊल टाकायच्या आधी अर्धा क्षण थांबत. माळ जिथं उतरत जातो तिथवर गेला. आधी पाय दिसेनासे झाले, मग सदरा, मग पांढरे केस. कस्तुरीचा हात भरून आला होता, तरी गवत पुन्हा सरळ उभं राहीपर्यंत तिनं नळ्या धरून ठेवल्या.

मग टोकाशी गजांची फुली आली आणि तिच्यामागं मंटपाची भिंत.

तिनं नळ्या अलगद सतरंजीवर ठेवल्या. योगीराजांचं डोकं खांद्यावरून घसरू नये म्हणून डावा हात पलीकडे नेऊन त्यांच्या गालाला लावला, आणि तशीच बसून राहिली.

"ये," ती लेकीला म्हणाली. "इकडं येऊन बस."